अर्थ परसदाराने येतो तेव्हा

पुढच्या चार ओळी आधी वाचा. मोठ्याने वाचल्यात तर अधिक चांगले.

बुवा सांगे कीर्तनात:
देवा हवा फक्त भाव.
मंडईत म्हणे कांदा:
मग देव माझे नाव!

हसू आले असेल, निदान ओठांचा एक कोपरा तरी हलला असेल. आता हीच गोष्ट सरळ गद्यात सांगतो. देवाला भक्तिभाव लागतो, कांद्याला बाजारभाव लागतो आणि या दोन्ही गोष्टींना मराठीत ‘भाव’ म्हणतात. वाक्य खरे आहे. काही गाळलेले नाही, उलट चार ओळींत जे अर्धे ठेवले होते ते पुरते सांगितले आहे. तरी हसू गायब.

हा अनुभव घरोघरीचा आहे. आजोबा दिवाळी अंकातली वात्रटिका वाचून दाखवतात, सगळे हसतात, आणि धाकटी नात विचारते, “आजोबा, सगळे का हसलात?” मग कुणीतरी तिला समजावायला बसते. समजावणे संपते तेव्हा तिला अर्थ नीट कळलेला असतो, पण ती हसत नाही. वर आधी हसलेलेही आता गप्प झालेले असतात.

कोडे असे: अर्थ कळूनही हसू येत नसेल, तर ते अर्थातून येतच नव्हते. मग येते कुठून? या लेखापुरत्या काही वात्रटिका मी जुळवल्या आहेत. त्या खोलून आत कोणता चाप, कोणती कमान आहे ते पाहू.

शब्दाच्या वाड्याला दोन दारे

जुन्या वाड्याला रस्त्यावर उघडणारे मोठे दार असे आणि मागे परसदार. पाहुणे पुढून येत. मागून कोण येते याकडे ओसरीवर बसलेल्यांचे लक्ष नसे. दोन अर्थांचा शब्द हा असाच वाडा. ‘रस’ म्हणजे उसाचा आणि गोडीही. ‘दंड’ भरावा लागतो आणि तालमीत कमवावाही लागतो. ‘गुण’ अंगी असतात आणि गुणपत्रिकेतही. ‘पान’ झाडाला असते, वहीला असते, विड्याचे असते आणि पंगतीत मांडतात तेही पानच. अशा शब्दावर केलेल्या गमतीला आपण कोटी म्हणतो, आणि ‘कोटी’ हा शब्दसुद्धा शंभर लाखांचे ओझे वाहतच असतो.

संस्कृत साहित्यशास्त्रात यालाच श्लेष म्हणतात. मूळ धातू ‘श्लिष्’, म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. दोन अर्थ एकाच शब्दाच्या अंगाला मिठी मारून बसलेले असतात. पण मिठी दिसली की गंमत संपली. हसू यायचे तर वाचकाला एकच जण उभा आहे असे वाटले पाहिजे.

असे वाटणे सोपे आहे, कारण आपला मेंदू तशी सोय करून ठेवतो. १९७९ साली डेव्हिड स्विनी या अमेरिकी संशोधकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत किड्याला आणि चोरून बोलणे ऐकायच्या छुप्या यंत्राला एकच शब्द आहे. तो असलेली वाक्ये त्याने लोकांना ऐकवली. वाक्यात कोळी, झुरळे आधीच येऊन गेली होती, म्हणजे इथे किडाच अभिप्रेत आहे हे उघड होते. शब्द कानावर पडताक्षणी पडद्यावर काही अक्षरे दाखवली आणि हा खरा शब्द आहे का, असे विचारले. त्या क्षणी लोकांनी किड्याशी जवळचा शब्द पटकन ओळखला आणि हेरगिरीशी जवळचा शब्दही तितक्याच चटकन ओळखला. तीनेक अक्षरे पुढे गेल्यावर तोच प्रयोग केला तेव्हा मात्र फक्त किड्याचा अर्थ जागा होता.

म्हणजे शब्द ऐकला की मेंदू दोन्ही दारे उघडतो आणि क्षणार्धात नको असलेले दार लावून घेतो. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. लागला असता तर साधे बोलणे अशक्य झाले असते. ‘चहा घेणार का?’ या प्रश्नावर आपण ‘घेणे’ म्हणजे विकत घेणे की पिणे, याचा विचार करत बसलो असतो.

कोटी करणारा कवी नेमके हेच लावलेले दार ठोठावतो. ‘कीर्तन’, ‘बुवा’, ‘देव’ हे शब्द ‘भाव’चे बाजाराकडचे दार बंद करून टाकतात. मग मंडई येते, कांदा बोलायला लागतो, आणि बंद दारावर थाप पडते. दार उघडायला उठतो तो मात्र वाचक. कांद्याला बाजारात भाव हवा असतो, हे त्या चार ओळींत कुठेही लिहिलेले नाही. ‘भाव’ हा शब्द दुसऱ्यांदा आलेलाच नाही. तो वाचकाने आपल्या पदरचा घातला. गद्यात समजावताना आपण तो स्वतःच घालून टाकतो, म्हणजे वाचकाला उठू देत नाही. नातीला हसू आले नाही ते यामुळे.

बस आली, हसू आले नाही

अर्थ जितके जास्त तितकी गंमत जास्त, असा नवशिक्यांचा समज असतो. तो किती फसवा आहे ते या ओळींत दिसेल.

उभा थांब्यावर तास,
शेवटी आली ती बस;
कंडक्टर म्हणे, ‘बस!’
पाय म्हणे, ‘आता बस!’

तीन ओळींत तीन अर्थ: वाहन, बसण्याची आज्ञा आणि ‘पुरे’. कारागिरी आहे, पण हसू? फार तर ‘बरे जुळवले आहे’ अशी मान हलते. कारण इथे काहीच लपलेले नाही. प्रत्येक अर्थ पुढच्या दाराने, नाव सांगून आत येतो. वाचक एकदाही चुकीच्या वाटेला लागत नाही, म्हणून त्याला परत फिरावे लागत नाही. ही शब्दांची यादी झाली, कोटी नव्हे.

रेल्वेच्या रुळांचे उदाहरण घ्या. दोन रूळ शेजारी शेजारी धावत असतील तर गाडीला धक्का बसत नाही. धक्का सांध्यावर बसतो, जिथे एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जाते. कांद्याच्या वात्रटिकेत ‘मंडईत’ हा सांधा आहे. सांधेवाल्याने खटका ओढायचा, पण गाडी पहिल्या रुळावर वेगात आलेली हवी. उभी गाडी रूळ बदलत नाही. पहिल्या दोन ओळी गंभीर हव्यात, त्या यासाठीच. पहिल्याच ओळीत कवी डोळा मारू लागला की वाचक सावध होतो आणि गाडी स्टेशनातच राहते.

व्याकरण चहाडी करते

मराठीत कोटी लपवणे हे इंग्रजीपेक्षा अवघड काम आहे, कारण आपले व्याकरण चहाडखोर आहे.

‘मान’ हा शब्द घ्या. सन्मान या अर्थी तो मान, गळ्याच्या अर्थी ती मान. एकट्या शब्दात दोन्ही सुखाने नांदतात. विशेषण शेजारी आले की ‘मोठा मान’ आणि ‘मोठी मान’ वेगळे पडतात. विभक्ती लागली की ‘मानाचा’ आणि ‘मानेचा’. ‘माळ’ तसाच: गावाबाहेर तो माळ, गळ्यात ती माळ, एक ‘माळावर’, दुसरी ‘माळेत’. ‘बोट’ हाताचे असेल तर ‘बोटाने’, समुद्रातली असेल तर ‘बोटीने’. ‘नाव’ कागदावरचे असेल तर ‘नावाने’, पाण्यातली असेल तर ‘नावेने’. लिंग, सामान्यरूप आणि क्रियापद ही तिन्ही मंडळी गुपित फोडायला टपलेली असतात.

यातून सुटायच्या वाटाही व्याकरणच देते. सुंदर, लाल, गोड, सुरेख अशी विशेषणे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. ती शेजारी ठेवली तर गुपित राहते. भविष्यकाळही भरवशाचा: ‘आला, आली, आले’ चहाडी करतात, पण ‘येईल’ हे तिघांनाही चालते. ‘नको’ आणि ‘नाही’ तर कुणाचेच नाव घेत नाहीत. किंवा मग असा शब्द निवडावा ज्याचे दोन्ही अर्थ एकाच लिंगाचे आहेत. भाव, रस, गुण, दंड, मत, पान हे असे निर्धास्त शब्द. जुन्या कोटीबाजांचे हे लाडके शब्द का, याचे कारण व्याकरणात सापडते.

पण कसलेला लेखक या चहाडखोरालाच कामाला लावतो.

गावोगावी गळा हार,
साहेबांचा थाट फार;
मतमोजणी संपली,
गळा तोच, नवी हार!

फुलांचा तो हार, पराभवाची ती हार. पहिल्या ओळीत ‘गळा’ असल्याने फुलेच दिसतात. शेवटच्या ओळीत ‘गळा तोच’ म्हटल्यावर आपण पुन्हा फुलांकडेच झुकतो, ओठांवर ‘नवा’ येऊ लागते आणि समोर येते ‘नवी’. एका वेलांटीने निवडणूक फिरली. दुसऱ्या कुठल्याही शब्दाला हात लागलेला नाही. अशा वेळी व्याकरण चहाडी करत नाही, निकाल जाहीर करते.

या वात्रटिकेत ‘हार’चे यमक ‘हार’शीच जुळवले आहे. शाळेत ही चूक धरतील. पण संस्कृत साहित्यशास्त्रात मूळ ‘यमक’ म्हणजे हेच: तीच अक्षरे पुन्हा यावीत आणि अर्थ निराळा असावा. ओळींच्या शेवटी नुसते सारखे आवाज आले की यमक, हा अर्थ आपण मराठीत पुढे रुळवला.

मोडून आणि न मोडता

आतापर्यंतच्या कोट्यांत शब्द अखंड राहिला. साहित्यशास्त्र याला अभंग श्लेष म्हणते. तुकोबांच्या अभंगाशी याचा संबंध नाही. न भंगलेला तो अभंग, इतकेच. दुसरा प्रकार सभंग श्लेषाचा. यात शब्द चिरायचा आणि आतून निराळेच शब्द काढायचे.

साहेबांचा राजीनामा,
चर्चा त्याची दिशा दाही;
फोड केली तेव्हा कळे:
राजी ना ते अजूनही!

‘राजीनामा’ या शब्दात ‘राजी ना’ दडून बसले आहे, हे रोज बातम्या वाचूनही आपल्या ध्यानात आलेले नसते. सभंग कोटीचा आनंद असा फणस फोडल्यासारखा असतो: वरून एक, आत भलतेच. तिचा धोकाही तोच. चिरताना जोर लागला तर चीक हाताला चिकटतो. इथे ‘मा’ हे अक्षर शिल्लक राहिले, ते कुठे गेले असे चोखंदळ वाचक विचारील. तो प्रश्न त्याला हसू ओसरल्यावर पडला तर कोटी वाचली. आधी पडला तर बुडाली.

या विद्येची परंपरा जुनी आहे. सुबंधूने ‘वासवदत्ता’ या संस्कृत कथेत अक्षराअक्षरात श्लेष साधल्याची बढाई मारली आहे. कविराज या कवीचे १२व्या शतकातले ‘राघवपांडवीय’ तर त्याही पुढचे: तेच श्लोक एका अंगाने वाचले की रामायण, दुसऱ्या अंगाने वाचले की महाभारत. अख्खे काव्य म्हणजे दोन दारांचा वाडा. पण तिथे हसू नाही, थक्क होणे आहे. कारण दोन्ही दारे पहिल्यापासून उघडी ठेवलेली आहेत, हे वाचकाला ठाऊक असते. आपल्या बसच्या वात्रटिकेचे दुखणे तेच होते, फक्त तिच्यात थक्क व्हायला काही नव्हते!

मराठीत हा दुहेरी अर्थ लोकांत उतरवला तो संत एकनाथांनी. त्यांच्या भारुडात विंचू चावतो, बाई नवस बोलते, समोरचा गाव खदखदून हसतो आणि हसता हसता कळते की विंचू म्हणजे काम-क्रोध. इथे पुढच्या दाराने गंमत येते आणि परसदाराने परमार्थ. वात्रटिका याच्या उलट चालते: पुढून गांभीर्य, मागून गंमत. यंत्र मात्र एकच.

पुढे पंडित कवींनी शब्दांचे खेळ शिगेला नेले. वामनपंडितांना त्यांच्या यमकांमुळे ‘यमक्या वामन’ असे नाव पडले. बारामतीच्या मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचले, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरे टाळून. त्यात ‘राम’ हे नाव कसे घेणार, हा प्रश्न स्वतःवर ओढवून घेणारा माणूस शब्दवेडाच म्हणायचा. गद्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी कोटीला मानाचे पान वाढले.

कानाची कोटी, डोळ्याची कोटी

काही कोट्या कागदावर चालतात आणि तोंडात मरतात. ‘जरा’ लिहून पाहा. थोडेसे या अर्थी ‘जरा’ म्हणताना जीभ दातांकडे जाते. म्हातारपण या अर्थी ‘जरा’ म्हणताना ती टाळूकडे सरकते. लिपीत दोन्ही ‘ज’ सारखे, म्हणून छापील ओळीत कोटी जमते. व्यासपीठावर वाचताना मात्र कवीला दोहोंपैकी एक उच्चार करावाच लागतो, आणि तो करताच दुसरा अर्थ पळून जातो. च, ज आणि झ या तिघांच्या बाबतीत ही काळजी घ्यावी लागते.

उलट काही कोट्या कानाला गोड लागतात आणि छापखान्यात मरतात. ‘शिक्षक दिन’ आणि ‘शिक्षक दीन’ बोलताना जवळपास सारखेच ऐकू येतात. कविसंमेलनात यावर टाळी मिळेल. छापायचे झाले की ऱ्हस्व लिहायचे की दीर्घ, हे ठरवावे लागते. लिहिले की गुपित फुटले.

म्हणून वात्रटिका लिहिताना पहिला प्रश्न हा: ही वाचली जाणार आहे की ऐकली जाणार आहे? रामदास फुटाणे यांच्यासारख्या कवींनी वात्रटिका व्यासपीठावर नेली, तिथे आवाज, थांबणे आणि श्रोत्यांकडे पाहणे हाही मजकूरच असतो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या वात्रटिकेला हे काही मिळत नाही. तिला स्वल्पविराम आणि पुढची ओळ एवढ्यावरच भागवावे लागते.

चारच ओळी का?

तबल्यावरची तिहाई आठवा. एकच बोल तीनदा वाजतो आणि शेवटचा घाव समेवर पडतो. ज्याला ताल कळत नाही त्याचीही मान त्या क्षणी हलते, कारण आधीच्या आवर्तनांनी त्याच्या कानाला सवय लावलेली असते. वात्रटिकेत छंदाचे काम हेच. तो वाचकाला सांगून ठेवतो की घाव नक्की कुठे पडणार आहे. घाव कसला, ते मात्र सांगत नाही.

या लेखातल्या सगळ्या वात्रटिका अष्टाक्षरीत आहेत. नियम सोपा: ओळीत आठ अक्षरे, जोडाक्षर एकच मोजायचे. ‘मंडईत म्हणे कांदा’ बोटांवर मोजा: मं-ड-ई-त-म्ह-णे-कां-दा. आठ. नवव्या अक्षराला जागा नाही, म्हणून समजावून सांगायलाही जागा नाही. ‘आणि म्हणून’, ‘याचा अर्थ असा की’ असले शब्द छंद बाहेर फेकून देतो. कवीला गप्प बसवणे हा छंदाचा सगळ्यात मोठा उपकार.

चार ओळींची वाटणीही सरळ असते. दोन ओळी पहिला रूळ टाकायला, तिसरी सांध्याला, चौथी घावाला. पाच ओळींचे इंग्रजी लिमरिक याच हिशेबाने चालते: दोन लांब ओळी, दोन आखूड, मग एक लांब. गंमत म्हणजे हा प्रकार लोकप्रिय करणारा एडवर्ड लिअर आपल्या १८४६च्या संग्रहात शेवटच्या ओळीत बहुधा पहिल्याच ओळीचा शब्द पुन्हा आणून ठेवतो. त्याचा विनोद मधल्या चमत्कारिकपणात असे. शेवटच्या ओळीतच धक्का द्यायचा, हा हिशेब नंतरच्या लोकांनी पक्का केला.

आपल्याकडची नावेही खेळकर आहेत. ‘नाटक’ लहान झाले की ‘नाटिका’, तसा वात्रटपणा लहान झाला की ‘वात्रटिका’. आणि तिच्या पोटात ‘टीका’ ऐकू येते ती वेगळीच. मंगेश पाडगावकरांनी या नावाचा संग्रहच काढला. विंदा करंदीकरांनी विरूपावरून ‘विरूपिका’ घडवली. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’ने घरोघरी पोचवलेली ‘चारोळी’ म्हणजे चार ओळी, आणि श्रीखंडावर पेरतात तीही चारोळीच: एवढीशी, पण दाताखाली आली की कळते. त्याआधी, १९२०च्या दशकात, केशवकुमार या नावाने लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने विडंबनाची गोडी लावून ठेवली होती. विडंबनाचे तंत्र याच कुळातले. तिथे वाचकाला आधीची कविता पाठ असते, म्हणून पहिला रूळ टाकावाच लागत नाही.

एक वात्रटिका बनवून पाहू

आता हाताने करून पाहू. शब्द घेऊ ‘खाते’. बँकेत खाते असते, सरकारात खाते असते, आणि मूल भात खाते. पहिली दोन नामे, तिसरे क्रियापद. दोन्ही नपुंसकलिंगी, म्हणून ‘खाते’ शेजारी ‘खाते’ बिनबोभाट बसते. बोलताना नामाचे ‘खातं’ होते आणि क्रियापदाचेही ‘खातं’च होते, म्हणजे कानाचीही अडचण नाही. शब्द सोन्यासारखा आहे.

पहिला प्रयत्न:

पूल नवा पडला का?
सांगतो मी: त्याचे खाते
बांधकाम ना बघते,
बांधकामच ते खाते!

अक्षरे मोजली तर बरोबर आठ-आठ. पण वाचून हसू येत नाही, टाळी येते ती रागाची. ‘सांगतो मी’ म्हणताच कवी समजावायला बसला. ‘खाते’चे दोन्ही अर्थ त्याने स्वतःच उघडून दाखवले. वाचकाला करायला काही उरले नाही.

म्हणून उलटे चालू. आधी शेवटची ओळ ठरवू, आणि ती अशी की दिसायला अगदी निरुपद्रवी. सरकारी कागदावरचे वाक्य घेऊ: ‘उत्तर देईल खाते.’ यात कुणालाही आक्षेपार्ह काही सापडणार नाही. ‘देईल’ भविष्यकाळी, म्हणून चहाडीची भीती नाही. आता त्याआधी असा प्रश्न हवा की ज्यामुळे हे गरीब वाक्य कबुलीजबाब होऊन बसेल.

पूल नवा खचला का?
कोण हे सिमेंट खाते?
चौकशीला पत्र आले:
‘उत्तर देईल खाते!’

दुसऱ्या ओळीत ‘खाते’ हे क्रियापद आहे. तिसऱ्या ओळीत ‘चौकशी’ आणि ‘पत्र’ आले की कचेरीचे वातावरण तयार होते आणि चौथ्या ओळीतले ‘खाते’ आपण निमूटपणे नाम म्हणून वाचतो. मग अर्ध्या श्वासाने मागच्या ओळीतला प्रश्न आठवतो: कोण खाते? आणि उत्तर आधीच दिलेले असते. कवीने कुणावर आरोप केला नाही. त्याने फक्त कचेरीचे वाक्य जसेच्या तसे उतरवले. आरोप वाचकाच्या डोक्यात तयार झाला.

वात्रटिका आणि सत्ता यांचे जुने नाते यातून समजते. बोलणाऱ्याने जे म्हटलेच नाही, त्याबद्दल त्याला धरणार कसे? भारुडापासून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यापर्यंत परसदाराचा हा उपयोग लोकांनी ओळखलेला आहे.

चौकट: थोडक्यात

• दोन अर्थांचा शब्द म्हणजे कोटी नव्हे. एक अर्थ लपवता आला तर कोटी.
• शेवटची ओळ आधी लिहा. पहिल्या दोन ओळी गंभीर ठेवा.
• अर्थ पालटणारा सांधा एकच असावा, आणि तो बहुधा तिसऱ्या ओळीत.
• लिंग, विभक्ती आणि क्रियापद गुपित फोडतात. भविष्यकाळ, ‘नको’, आणि न बदलणारी विशेषणे गुपित राखतात.
• छापायची असेल तर डोळ्याने, म्हणायची असेल तर कानाने तपासा.
• दुसरा अर्थ स्वतः उच्चारू नका. तो वाचकाला सापडू द्या.

नातीचा प्रश्न

आजोबांच्या नातीकडे परत जाऊ. समजा, आजोबांनी वाचली ती कांद्याचीच वात्रटिका होती. समजावण्याआधीही तिला हसू आले नव्हते, कारण तिला ‘भाव’चा बाजारातला अर्थ ठाऊक नव्हता, तिच्या वाड्याला अजून एकच दार होते. दुसरे दार समजावून बसवता येत नाही. ते मंडईत आईबरोबर पिशवी धरून उभे राहिल्यावर, ‘काय भाव दिला?’ हे दहा वेळा ऐकल्यावर आपोआप पडते. कोटी कळायला शब्दकोश पुरत नाही, शब्दाबरोबर थोडे दिवस राहावे लागते. परक्या भाषेतले लिखाण आपण समजू लागतो, बातम्या समजू लागतो, तरी तिथल्या कोट्या सगळ्यात शेवटी कळतात, त्याचेही कारण हेच.

आणि भाषा आपली असली तरी एखादे दार नजरेतून सुटतेच. ‘भाव’चे दोन अर्थ आपण वर पाहिले, पण ‘भाऊ’ला विभक्ती लागली की काय होते हे लक्षात आले का? म्हणून निरोप घेताना आणखी चार ओळी. आतापर्यंत सगळ्या वात्रटिका उसवून दाखवल्या, त्यामुळे त्यांतले हसू मीच थोडेथोडे सांडले आहे. ही मात्र शिवलेलीच ठेवतो.

सोनाराच्या दुकानात
बहीण म्हणे भावाला:
ओवाळणी राहू दे रे,
ओवाळते त्या भावाला!